जांभया देतो, पण झोपत नाही

पत्र:

डॉक्टर, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा. न्युमोनिया फार वाढला म्हणून त्याला १२ दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. घरी येऊन आता पाच दिवस झाले. येताना दोन औषधं दिली, मॉर्फीन आणि लोराझेपाम. कागदावर ‘टेपर’ एवढंच लिहिलंय, खाली तारखा आणि एमएलचे आकडे. सिस्टर घाईत होत्या, समजावून कुणी सांगितलं नाही. मॉर्फीन हे नाव सासऱ्यांनी वाचलं आणि घरात गहजब झाला. ‘हरमलला किनाऱ्यावर पकडतात तसलंच हे. पोराला ड्रग्सची सवय लावून पाठवलंय. मी फेणी एका दिवसात सोडली, ह्यालाही तसंच सोडवू,’ असं म्हणून त्यांनी परवा संध्याकाळी दोन्ही बाटल्या कपाटात टाकून कुलूप लावलं. काल रात्रीपासून पोर थरथरतंय. घामानं कपडे भिजतात, चार वेळा पातळ शी झाली. सारख्या जांभया देतो, पण झोपत नाही. भांडं वाजलं तरी दचकून रडतो. सासूबाई म्हणतात, दिश्ट लागली. माझं पोर व्यसनी झालंय का? यंदा त्याला बालवाडीत घालायचं होतं.
एक आई, पेडणे तालुका

उत्तर:

ताई,

पत्राखाली फोन नंबर लिहिलात ते फार बरं केलंत. असल्या पत्राला सदरातून उत्तर देत बसायचं नसतं. त्या सकाळीच आपण बोललो, तुम्ही पोराला घेऊन निघालात, तिथल्या डॉक्टरांनी तपासून औषध पुन्हा चालू केलं आणि एक रात्र ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तुमचा मेसेज आला, ‘दुपारी चार तास झोपला.’ फोनवर घाईत जे अर्धंमुर्धं बोललो ते आता नीट लिहितो. तुमच्यासाठी, अशा इतर घरांसाठी, आणि खरं सांगायचं तर मुख्यतः तुमच्या सासऱ्यांसाठी.

व्यसनी झालाय का? नाही. व्यसनी माणूस ती वस्तू शोधत फिरतो, तिच्यासाठी खोटं बोलतो, नुकसान दिसत असूनही सोडत नाही. तुमच्या पोराला त्या बाटलीत काय आहे तेही ठाऊक नाही, ती कडू चव तर तो थुंकून टाकत असेल. त्याच्या शरीराला औषधाची सवय झाली आहे, मनाला ओढ लागलेली नाही. मात्रा पायरीपायरीनं उतरवली की ही सवयही जाते. औषध एकदम तुटल्यानं त्याला जे झालं त्याला आम्ही विड्रॉवल म्हणतो, आणि ते पोराच्या किंवा तुमच्या कुठल्या दोषामुळे होत नाही, उपचारातूनच येतं. पण गोव्यात ‘ड्रग्स’ म्हटलं की डोळ्यांपुढे हणजूण-हरमलच्या बातम्या उभ्या राहतात, त्यात तुम्ही पेडण्याचे, हरमल तुमच्याच तालुक्यात. सासऱ्यांना भीती वाटली यात मला नवल वाटत नाही.

आता ही सवय लागली कशी ते पाहा. श्वासनळीत ट्यूब घातलेलं साडेतीन वर्षांचं पोर जागं असेल तर ती ट्यूब हातानं ओढून काढेल, आणि त्या अवस्थेत ट्यूब निघणं जिवावर बेतू शकतं. म्हणून वेदनेसाठी फेंटानिल किंवा मॉर्फीन आणि गुंगीसाठी मिडाझोलाम (घरी दिलेलं लोराझेपाम त्याच कुळातलं) अशी ड्रिप चोवीस तास चालू ठेवतात. जीव वाचवताना याला पर्याय फार थोडे असतात. पण शरीर गप्प बसत नाही. औषध त्याला शांत करतं म्हटल्यावर ते आतून उलट जोर लावायला लागतं. चार-पाच दिवसांत तीच मात्रा पुरेनाशी होते. पाच दिवसांपेक्षा जास्त ड्रिप चालली की बंद करताना त्रास होण्याची शक्यता बरीच वाढते. १९९४ साली छापून आलेल्या एका लहानशा अभ्यासात नऊ दिवस किंवा त्याहून जास्त फेंटानिल चाललेल्या सगळ्याच मुलांना औषध उतरवताना त्रास झाला होता. तुमच्या पोराचे १२ दिवस झाले.

शापोरा नदीच्या काठची खाजनं, म्हणजे बांध घातलेली सखल शेतं, तुम्ही पाहिली असतील. बांधात मानस, म्हणजे फळ्यांचं दार, असते, भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून. भर भरतीला कुणी मानशीच्या फळ्या एकदम उचलल्या तर काय होईल? पाणी नुसतं आत येणार नाही, बांध फोडून येईल. औषध म्हणजे त्या फळ्या, आणि बाहेर चढलेलं पाणी म्हणजे शरीरानं लावलेला जोर. सासऱ्यांनी त्या संध्याकाळी सगळ्या फळ्या एकदम काढल्या. थरथर, घाम, जोरात पळणारी नाडी, पातळ शी, भांड्याच्या आवाजानं दचकणं, हे सगळं आत घुसलेलं पाणी. मॉर्फीननं आतडी मंदावतात, ते चालू असताना मुलांना शी कडक होते. म्हणूनच औषध तुटलं की पोट उलटतं. तुमच्या घरी ही शी ‘काहीतरी बाधलं’ म्हणून सोडून दिली असती, तर अजून दोन दिवस गेले असते.

फेणीचं आता. सासऱ्यांनी फेणी सोडली याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांगा, मनापासून. पण एका दिवसात सोडली आणि काही झालं नाही हे त्यांचं नशीब, आणि कदाचित ते रोज फार पीत नसावेत. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी दारू थांबवली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भलतंसलतं दिसायला लागतं, फिट येते, क्वचित माणूस दगावतोही. अशा माणसाला वॉर्डात आम्ही काय देतो माहीत आहे? लोराझेपाम किंवा त्याच कुळातलं औषध, आणि तेही उतरत्या मात्रेनं. कारण दारू आणि लोराझेपाम मेंदूत बऱ्याच अंशी एकाच जागी काम करतात. म्हणजे तुमच्या पोराच्या हातात जी बाटली आहे, तीच कदाचित आजोबांच्याही कामी आली असती. हे त्यांना वाचून दाखवा. मी पाहिलंय, असे हट्टी लोक मुद्दा एकदा पटला की घड्याळ घेऊन बसणारे सगळ्यात पक्के राखणदार होतात.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यानं मला फार मागं नेलं, ‘जांभया देतो, पण झोपत नाही.’ १९९० च्या दशकात मी शिकाऊ डॉक्टर होतो. एका लहान मुलीची ट्यूब आठव्या दिवशी काढली आणि ‘आता कशाला’ म्हणून फेंटानिलही त्याच दिवशी बंद केलं. तो आदेश माझ्याच हातचा होता. दुसऱ्या दिवशी तिला ताप, थरथर, उलट्या. आम्ही जंतुसंसर्ग धरून बसलो, रक्त काढलं, अँटिबायोटिक बदललं, मेंदूज्वर तर नाही ना म्हणून कंबरेतून पाणी काढण्यापर्यंत पोचलो. रात्रपाळीच्या एक जुन्या सिस्टर होत्या, त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, इतक्या जांभया देणारं पोर झोपत का नाही?’ मला उत्तर सुचेना. मग त्यांनीच सांगितलं. औषध थोडं परत चालू केलं, दोन तासांत ती मुलगी निवली. त्या पोरीला सुया टोचल्याचं मला अजून बोचतं.

पुढे २००८ मध्ये अमेरिकेत याच कामासाठी एक मोजपट्टी छापून आली, वॅट-१ नावाची. ११ गोष्टी पाहायच्या, जास्तीत जास्त १२ गुण, तीन किंवा त्याहून जास्त झाले की विड्रॉवलचा संशय धरायचा. शी, उलटी, ताप, थरथर, घाम, दचकणं यांच्या जोडीला त्यात जांभया आणि शिंकांना स्वतःची ओळ आहे. ती पाहिली तेव्हा पहिल्यांदा मला त्या सिस्टर आठवल्या. हे गुण मोजणं तुमचं काम नाही, शिकलेल्या हातांचं आहे. तुम्ही फक्त एक वही करा. सकाळ-संध्याकाळ लिहा: किती झोपला, किती वेळा शी, उलटी, घाम, थरथर, किती खाल्लं, औषध किती वाजता आणि किती एमएल दिलं. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, तेव्हा ही वही तुमच्यापेक्षा नीट बोलते.

आता तो ‘टेपर’ लिहिलेला कागद. टेपर म्हणजे पायरीपायरीनं उतरवणं. साधारण रीत अशी की एका वेळी मूळ मात्रेच्या १० ते २० टक्के कमी करायचं, एक-दोन दिवस थांबायचं, पोर ठीक असेल तर पुढची पायरी. दोन औषधं असली तर दोन्ही एकाच दिवशी कमी करत नाहीत, आळीपाळीनं करतात, म्हणजे बिघडलंच तर कशामुळे ते कळतं. तुमच्या कागदावर तारखा सोडून सोडून आहेत त्या याचसाठी. ड्रिप जितके दिवस, उतार तितका लांब. दोन ते चार आठवडे लागले तरी घाबरू नका. एखाद्या पायरीला त्रास दिसला तर डॉक्टर बहुतेक आधीच्या, ज्यावर पोर शांत होतं त्या पायरीवर नेतात आणि तिथे थांबतात. त्याला मागं पडणं म्हणू नका. नेमके आकडे मी इथे छापत नाही, ते त्याच्या वजनावर आणि हॉस्पिटलात किती औषध चाललं त्यावर ठरतात.

आणि दोन दिवस तुटलेलं औषध घरच्या घरी पूर्ववत सुरू का करायचं नाही, हे तुम्ही फोनवर विचारलं होतंत. औषध थांबल्यावर शरीराची सहनशक्तीही घटायला लागते. मध्ये बरेच डोस गेले असतील तर जुना डोस जास्त पडू शकतो आणि श्वास मंदावतो. म्हणून मी तुम्हाला ‘कुलूप उघडा आणि द्या’ म्हटलं नाही, ‘घेऊन जा’ म्हटलं. एखादा डोस चुकला तरी तेच: पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका, फोन करा. डोस दिल्यावर लगेच उलटी झाली, तरी पुन्हा भरण्याआधी विचारा.

मोजायला चमचा वापरू नका. स्वयंपाकघरातला एक चमचा तीन एमएलचा, दुसरा सात एमएलचा. सुई नसलेली सिरिंज घ्या, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. मॉर्फीनच्या गोळीचं औषध करून दिलं असेल तर ते कसं हलवायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं का, किती दिवस टिकतं, हे फार्मसिस्टकडून लिहून घ्या. मोबाइलमध्ये गजर लावा, रात्रीचासुद्धा. झोपलेल्या पोराला कशाला उठवा असं वाटतं, पण रात्रीचा डोस गेला की पहाटे भोगावं लागतं. मात्र डोसाच्या वेळी तो हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर डोस द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा. फिट आली तरी १०८. कुशीवर वळवा, तोंडात बोट किंवा चमचा घालू नका, आणि कांदा हुंगवायला कुणी आलं तर त्याला बाहेर बसवा.

ताप आला तर ‘डॉक्टरांनी सांगितलंय, विड्रॉवलमुळे येतो’ म्हणून स्वस्थ बसू नका. येतो हे खरं, पण हे पोर नुकतंच न्युमोनियातून उठलंय. त्याचा ताप आधी तपासायचा, मग नाव द्यायचं.

सासूबाईंशी मी भांडणार नाही. दिश्ट काढायची तर काढू द्या, पण निखाऱ्यावर मिरच्या टाकायच्या त्या अंगणात, पोर आत, दार बंद. त्या फुप्फुसांना आत्ता धूर नको, धुपाचाही नको. जायफळ उगाळून चाटवायचं मात्र नाही, हे स्पष्ट सांगतो. आपल्या घरांत पोर झोपेना की पहिला हात जायफळाकडे जातो. मॉर्फीन आणि लोराझेपामवर आणखी गुंगीचं काही चढवणं धोक्याचं आहे. सर्दीचं झोप आणणारं सिरप किंवा शेजारणीनं सुचवलेली गोळीसुद्धा त्यातच आली. (जाता जाता: जुन्या काळी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका पोरांना बाळगोळी देऊन झोपवत, आणि त्या गोळीत अफू असे. मॉर्फीन अफूतूनच निघतं. म्हणजे ज्या वस्तूला सासरे आज घाबरतात, ती कधीकाळी न मोजता, कुणाला न विचारता पोरांच्या पोटात जात होती. फरक मात्रेचा आणि नजर ठेवणाऱ्याचा आहे.)

खाण्याचं फार लांबवत नाही. थोडं थोडं, पण दर दोन तासांनी. पेज, मऊ भात-आमटी, केळं. पातळ शी असेल तर ओआरएस. हळूहळू भूक येईल.

घर शांत ठेवा. आपल्याकडे पोर हॉस्पिटलातून आलं की अख्खा वाडा बघायला येतो, प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा पुडा आणि तोंडात ‘किती सुकला गो’. पंधरा दिवस त्यांना ओटीवरूनच परत पाठवा. वाईटपणा सासऱ्यांकडे द्या, त्यांना जमेल. रात्री टीव्ही बंद, दिवा मंद, दिवसा पडदे उघडे. आयसीयूत दिवस-रात्र दिवे जळतात, पोराला दिवस कुठला आणि रात्र कुठली हे पुन्हा शिकायचं असतं.

तो तुम्हाला ओळखत नसेल, नजरेला नजर देत नसेल, भिंतीवर किडे दिसतात म्हणत असेल, तर वेगळं कळवा. त्याला डिलिरियम म्हणतात. विड्रॉवलशी त्याची सरमिसळ होते, पण उपचार वेगळे, आणि तिथे लोराझेपाम वाढवल्यानं उलट बिघडू शकतं. पण रात्री किंचाळून उठणं, तुमचा पदर न सोडणं, पुन्हा अंथरूण ओलं करणं, पांढरे कपडे दिसले की रडणं, हे भीतीचं आहे आणि बऱ्याच मुलांत बऱ्याच आठवड्यांपर्यंत दिसतं. रागावू नका, लाजवू नका. महिना-दीड महिन्यानंही कमी होत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. तुम्हालाही झोप लागत नसेल, मॉनिटरचा आवाज कानात येत असेल, तर तेही सांगायची गोष्ट आहे.

मॉर्फीन गावच्या फार्मसीत मिळणार नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली ते येतं. २०१४ च्या दुरुस्तीनं रुग्णांना मिळणं सोपं केलं असलं तरी ते मान्यता असलेल्या संस्थांतच मिळतं. म्हणून बाटली संपायच्या चार दिवस आधी जा. शनिवार-रविवार जोडून सुटी आली, किंवा चवथ (गणेशचतुर्थी) आली, तर त्याहून आधी. डिस्चार्जचा कागद आणि औषधाची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत बाटलीबरोबर ठेवा. कायदेशीर औषध आहे, पोलिसांची भीती नको. कुलूप मात्र राहू द्या. सासऱ्यांचं ते एक बरोबर होतं. फक्त किल्ली तुमच्याकडे. उरलेलं औषध विहिरीत, मोरीत ओतायचं नाही, हॉस्पिटलला परत द्यायचं.

सिस्टर घाईत होत्या असं लिहिलंत. असतील. पण ही एका सिस्टरची चूक म्हणून मी सोडणार नाही, ही आम्हा डॉक्टरांची जुनी खोड आहे. ड्रिपच्या पाचव्या दिवशीच आईबापाला बसवून सांगायला हवं की पोर जागं होताना त्रास देईल, घाबरू नका. घरी पाठवताना तारखांचा तक्ता मराठीत किंवा कोंकणीत, मॉर्फीन का दिलंय त्याची एक ओळ, आणि रात्रीही उचलला जाईल असा एक फोन नंबर. एवढं त्या कागदावर असतं तर तुमच्या सासऱ्यांनी कुलूप लावलं नसतं. पुढच्या भेटीत हा तक्ता मागून घ्या. मागणं तुमचा हक्क आहे, आणि मागितलेलं बहुतेक डॉक्टर देतात.

बालवाडीचं: शेवटचा डोस झाल्यावरही आठ-दहा दिवस थांबा. लोराझेपामचा त्रास कधी कधी बंद केल्यानंतर काही दिवसांनी उगवतो, तोवर वही चालू ठेवा. मग फुप्फुसाचे डॉक्टर हो म्हणाले की घाला. पहिला आठवडा तासभरच, आणि पहिले दोन दिवस तुम्ही किंवा आजोबा बाहेर बाकावर बसा. बाईंना सांगताना ‘आजारी होता, आवाजाला दचकतो’ एवढंच सांगा. औषधांची नावं त्यांना कळायची गरज नाही.